आईच्या गालावरची सूज

मलकापुरातल्या एका त्वचेच्या दवाखान्यात बायकांच्या चेहऱ्यावर रक्ताच्या सुयांची चाचणी सुरू झाली, तेव्हा तिच्याविरुद्धचं पत्रक मी लिहिलं. आमच्या बायकांच्या संघटनेची पत्रकं मीच लिहिते. गोरं करणाऱ्या क्रीमवर लिहिलं, वजन उतरवणाऱ्या पावडरीवर लिहिलं, दारूच्या दुकानावर तर इतकं लिहिलं की छापखानेवाला मला बघूनच म्हणायचा, "ताई, आज कोनाचा नंबर?"

हे पत्रक मात्र मला स्वतःलाच आवडलं होतं. सगळं फोड करून सांगितलं होतं त्यात. बाईच्या दंडातून रक्त काढतात. ते यंत्रात गरगर फिरवतात. जड रक्त खाली बसतं, वर पिवळसर पाणी राहतं, ते बारीक सुईनं तिच्याच चेहऱ्यात टोचतात. पण अर्ध्याच चेहऱ्यात. उरलेल्या अर्ध्यात नुसतं मिठाचं पाणी. कोणती बाजू कशाची, हे बाईला सांगायचं नाही, आणि नंतर फोटो बघून सुरकुत्या तपासणाऱ्यालाही सांगायचं नाही. उतरत्या वयाची कातडी यानं खरंच सुधारते का, एवढं बघायचं. 'बायांनो, तुमच्या सुरकुत्या तुमच्या कष्टाच्या आहेत, त्या कुणाच्या प्रयोगाला देऊ नका!' असा शेवट केला आणि खाली दवाखान्याचा पत्ता ठळक छापला, कारण तिथं दारात निदर्शनं करायची होती.

उरलेला गठ्ठा घरी आणून ठेवला. आईनं त्यातलं एक वाचलं आणि ती त्या पत्त्यावर गेली.

आमचं घर मोताळ्यात. घरात आम्ही तिघं: आई, मी आणि आबा, म्हणजे आईचे वडील. माझे वडील मी शाळेत असताना गेले, तेव्हापासून आई मला घेऊन माहेरीच राहिली. आबांचं शेत आईच करते. कपाशी, सोयाबीन, जे असेल ते. पन्नाशी ओलांडली आहे तिनं, पण चेहरा बघणारा साठीची म्हणेल. कपाळावर, डोळ्यांच्या कडेला, ओठांच्या बाजूला उन्हानं नांगरून ठेवलेलं. मी तिच्यासारखी दिसते. तिच्या लग्नाच्या वेळचा फोटो बघून माझ्या मैत्रिणी फसतात.

आबाही फसले. त्यांना विसर पडायला लागला, तेव्हा आधी वार गेले, मग शेताची वाट गेली, आणि मग एक दिवस आईनं ताट पुढं ठेवलं तर ते अंग चोरून बसले आणि म्हणाले, "बाई, तुमी कायले तरास घेता? माही पोरगी येईन आता."

आईला वाटलं, थट्टा करतायत. ती हसली. आबा हसले नाहीत. मी आत आले तसा त्यांचा चेहरा उजळला. "आली काय माय? कुठं गेलती? ह्या बाई कवाच्या उभ्या हायेत."

माय म्हणजे त्यांची लेक. त्यांच्या लेखी ती लेक आता मी होते. विशी-पंचविशीचा चेहरा त्यांच्या डोक्यात बसला होता आणि तो चेहरा घरात माझ्याकडंच होता. माझ्या हातून ते जेवायचे, आईच्या हातून नाही. संघटनेच्या कामाला मी मलकापूरला, संग्रामपूरला जायची, त्या दिवशी आबा उपाशी. भूक लागली तरी दाराकडं बघत बसायचे. आई ताट घेऊन गेली की हात जोडायचे.

आता यातली खरी गोष्ट सांगते, म्हणजे हे नुसतं विसरणं नव्हतं ते कळेल. आई लहान असतानाच आजी वारली. आबांना सगळ्यांनी सांगितलं, दुसरी करा. त्यांनी केली नाही. केली नाही ती नाहीच, वर घरात कुठल्याही परक्या बाईला वावरू दिलं नाही. स्वयंपाकाला नाही, सारवायला नाही. का, तर घरात पोरगी वाढून राहिली आहे, उद्या लोक तिच्या बापाबद्दल बोलतील आणि तिच्या लग्नाला आडवं येईल. स्वतः भाकरी थापायला शिकले, स्वतः तिची वेणी घालायला शिकले. आईच्या भल्यासाठी त्यांनी जन्मभर दार राखलं. आणि आता तेच दार ते आईवर लावत होते, आईच्याच भल्यासाठी. "बाई, राग नका मानू. तरनी पोर हाय घरात. लोक नावं ठेवतात. तुमी घरी जा."

आई "हाव जी, जातो" म्हणायची, पुढच्या दारानं निघायची, बोळातून वळसा घालून मागच्या दारानं आत यायची आणि चुलीपाशी बसायची. त्याशिवाय आबांच्या जिवाला चैन पडत नव्हतं.

निदर्शनाच्या दिवशी मलकापूरच्या त्या दवाखान्यासमोर आम्ही पाच-सहा जणी होतो. घोषणा मी देत होते. मग मी आत शिरले, कारण आत शिरून भांडल्याशिवाय मला निदर्शन झाल्यासारखं वाटत नाही. बाकावर बायका बसल्या होत्या. एकीच्या तोंडाला पांढरा लेप थापलेला होता, सुया दुखू नयेत म्हणून लावतात तो. मी तिच्याकडंच हात करून ओरडले, "बघा, ही आपली गरीब बहीण, हिला काय सांगून बसवलंय इथं?"

"हळू बोल वं," लेपातून आवाज आला. "लोकं बसले हायेत."

आवाज आईचा होता.

तिच्या शेजारी मलकापुरातल्याच कापड दुकानवाल्यांच्या घरातली एक वयस्क बाई बसली होती, डोक्यावर ओढणी, हातात पानाची डबी. ती खुदकन हसली. "आपा, ये तुम्हारी बेटी है क्या? आवाज तो माशाल्ला पूरे बजार में जाता इसका." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बैठ बेटी. मेरे घर में भी बोले, इस उमर में सुई कायको? मैं बोली, तुम्हारे बालों को खिजाब चलता, मेरे मुंह को सुई नई चलती?"

बाहेर माझ्या मैत्रिणी घोषणा देत होत्या. डॉक्टरीणबाई आतून आल्या. माझ्याहून थोड्याच मोठ्या, पुण्याकडच्या बोलीच्या. मी त्यांना जे बोलायचं ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मावशींना सगळं मराठीतून समजावलंय. त्या कधीही नाही म्हणू शकतात. तुम्ही विचारा त्यांना."

मी विचारलं नाही. डॉक्टरीणबाई मला बाहेर जा म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, मला तिथं भांडता आलं असतं.

परतीच्या बसमध्ये मात्र मी आईला सोडलं नाही. "तुले लाज नाही वाटत? साऱ्या जिल्ह्यात मी बोंबलत फिरते, बायकांनो चेहऱ्याच्या मागं लागू नका, आन् माही सख्खी माय तिथं तोंड पुढं करून बसली! कोणाले दाखवायचं हाय तुले तोंड?"

ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "मले माह्या बापाले दिसायचं हाय."

मग बऱ्याच वेळानं, "तुह्या कागदात लिहेल होतं, कातडी तरुन होते का ते पाहून राह्यले म्हून. झाली त झाली. माह्या डोळ्याखालचं थोडं कमी झालं त वळखतीन ते मले. लई नाही. जेवन्यापुरतं."

त्या दिवशी तिला पहिल्या सुया दिल्या नव्हत्या, नुसते फोटो काढून आणि लेप लावून बघितला होता. दिल्या त्या पुढच्या खेपेला. मी सोबत गेले नाही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी ओसरीवर आबांना चहा पाजत होते. दारात उभी राहिली आणि मी घाबरले. दोन्ही गालांवर टोचल्याचे लाल ठिपके, डावा गाल चांगलाच फुगलेला, डोळ्याखाली काळंनिळं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणे, कुणाकुणाला येते सूज, उतरते दोन-तीन दिवसांत.

आबांनी कप खाली ठेवला. उठून उभे राहिले. स्वतःहून उठणं त्यांनी कधीच सोडलं होतं.

"कोनं मारलं?" ते म्हणाले.

आईनं पदर गालावर ओढला.

"नवऱ्यानं ना? पेला असीन भाड्या." मग माझ्याकडं वळून, "माय, पानी तापव. हळद आन. बाईले बसू दे. काही इचारू नको तिले."

हे मला नवीन होतं, आईला नव्हतं. आमचं घर बोळाच्या तोंडाशी. आईच्या लहानपणी गल्लीत मार खाल्लेली बाई रात्रीपुरती नाही तर नवऱ्याची उतरेपर्यंत आबांच्या ओसरीवर येऊन बसायची. घरात कुणा परक्या बाईला पाय ठेवू न देणारा हा माणूस तेवढ्या एका बाईला कधी परत पाठवायचा नाही. स्वतः बाहेर जाऊन बोळात बसायचा आणि लेकीला सांगायचा, पाणी तापव, विचारू नको काही. त्या पाणी तापवणाऱ्या लेकीच्या जागी आता मी होते आणि मार खाल्लेली बाई म्हणून आई बसली होती.

मी पाणी तापवलं. आईच्या गालाला हळद लावली. सुया टोचलेल्या कातडीला हळद लावायची नाही असं दवाखान्यात सांगितलं असणार, पण तिनं हात धरला नाही.

त्या संध्याकाळी आबा तिच्यासमोर जेवले. दुसऱ्या दिवशी मला संग्रामपूरला जायचं होतं, मी काळजीत गेले, आणि परत आले तर आई भांडी घासत होती आणि गुणगुणत होती. म्हणाली, "जेवले. माह्या हातून. म्हणे, बाई, तुमीबी घ्या दोन घास, मार खाल्ल्यावर पोट रिकामं ठेवू नाही."

सूज उतरली. डोळ्याखालचा डाग पिवळा होऊन गेला. आणि आबांनी हात जोडले. "बाई, तुमी घरी जा. तरनी पोर हाय घरात."

पुढच्या सुयांना महिनाभर अवकाश होता. आई त्या दिवसाची वाट बघत होती, आणि कशासाठी ते मला लवकरच कळलं. आरशात बघणं तिनं सोडलं होतं. सुरकुतीचं नाव काढत नव्हती. तिला सूज हवी होती.

दुसऱ्या खेपेला सूज आली आणि आबा तिच्याशी बोलायला लागले. आपल्या लेकीबद्दल. मी आत होते, ऐकत होते. "माही पोरगी गुनाची हाय लई. जराशी तापट. माह्यावर गेली. तिची वेनी म्या घालतो. भांग वाकडा येते माह्याच्यानं, शाळेत पोरी हसतात तिले, पन ती घरी येऊन सांगत नाही. बापाले वाईट वाटीन म्हून सांगत नाही. मले मास्तरनं सांगतलं."

आई म्हणाली, "तिले वाकडा भांगच आवडत असीन."

"तुमाले काय ठाऊक?" आबा हसले. आपल्या लेकीचं कौतुक एका परक्या बाईपाशी करताना ते मोकळे होत होते. लेकीच्या तोंडावर या माणसानं जन्मात चांगला शब्द काढलेला नव्हता, आई सांगते. गुणी म्हणून नाही, काही म्हणून नाही. तसा रिवाजच नव्हता.

चौकशीसाठी दवाखान्यात बोलावलं तेव्हा मी आईसोबत होते. तिथल्या मदतनीस मुलीनं विचारलं, "मावशी, काही त्रास? सूज किती राहिली?"

"जास्त नाही राह्यली," आई म्हणाली, आणि इतक्या खाली मानेनं म्हणाली की ती मुलगी समजूत घालायला लागली, "मग चांगलंच आहे की!" त्यांच्या हिशेबी सूज म्हणजे दुष्परिणाम. आम्हाला त्या चाचणीतून जे काही मिळालं ते दुष्परिणामातूनच मिळालं, आणि ते सुधारणा म्हणून मोजायला त्यांच्याकडं रकाना नव्हता. मला त्या मुलीचा राग आला. तिचा काय दोष होता?

तिसऱ्या सुया शेवटच्या. या वेळी काळंनिळं ओठापर्यंत उतरलं. आबा पूर्वीपेक्षा थकले होते, बोलणं तुटक झालं होतं. आईनं वरणात कुस्करलेली भाकरी त्यांना चारली. खाता खाता थांबून तिच्या गालाकडं बघत राहिले.

"बाई, तुमचं लग्न कोनं लावलं? बापानं?"

"हाव."

"लवकर लावलं असीन."

आई वरणात भाकरी कुस्करत राहिली.

"म्याबी तेच केलं," आबा म्हणाले. "शिकू म्हणत होती पोरगी. लोकाईच्या बोलन्याले भेलो. म्हनलं, बिना मायची पोर, उजवून टाकू. तिले इचारलंबी नाही. अजून जिवाले लागून राह्यलं ते माह्या."

आईनं पुढचा घास हातात तसाच धरून ठेवला. मग त्यांच्या तोंडाला लावला. म्हणाली, "ती सुखात हाय जी."

"तुमी पाह्यली?"

"पाह्यली."

मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि बोळात उभी राहिले.

चाचणी संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी आईला फोटो दाखवले. आधीचा आणि आताचा, एकाच उजेडात, एकाच कोनातून. रक्ताची बाजू डावी होती. "पोत थोडा सुधारलाय, मावशी. या रेषा बघा." मला काही दिसलं नाही. आईनं फोटोकडं नीट बघितलंही नाही. ती म्हणाली, "म्याडम, अजून एक डाव सुया देता काय?"

"चाचणी संपली मावशी. आता गरज नाही."

"मिठाच्या पान्याच्या देजा. पन जोरानं देजा."

डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. आबांचं, ओसरीचं, सगळं. ज्या बाईविरुद्ध मी रस्त्यावर घोषणा दिल्या होत्या तिच्यापुढं उभी राहून मी तिला सांगत होते की ही चाचणी आणखी चालू ठेवा. तिनं ऐकलं. चष्मा काढून पुसला. "चेहरा सुजावा म्हणून मी सुई नाही देऊ शकत," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा, देऊ शकते का?" नव्हती देऊ शकत. तिनं दिली असती तर तिच्याविरुद्ध पुढचं पत्रक मीच काढलं असतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. आई पुढच्या दारानं जात होती, मागच्या दारानं येत होती. एका दुपारी आबा झोपले होते आणि आई माझ्यासमोर येऊन बसली. पदर खोचला, चेहरा पुढं केला.

"एक ठेवून दे."

"काय?"

"गालावर. डाव्या. काळं पडीन असं मार."

मी बायकांच्या मारहाणीवर भाषणं देते. ठाण्यात जाऊन नवऱ्यांवर तक्रारी लिहून आणते. माझ्यासमोर माझी आई गाल देऊन बसली होती आणि मी तिला मारलं तर तिचा बाप तिला जवळ बसवणार होता.

"मार ना वं. मी काही कोनाले सांगनार हाय?"

"येडी झाली काय तू?"

"हाव," ती म्हणाली. "तुले नाही समजत. सूज असली का ते माह्याजवळ माह्याबद्दलच बोलतात, त्याइच्या डोळ्यात मी साऱ्या जन्माची पोरगी दिसते मले. तुह्याजवळ बसून बोलत नाहीत ते तसे."

माझा हात उठला नाही. ती उठून दळण निवडायला लागली. रडली नाही. मी रडले, त्याचा कुणाला काय उपयोग होता?

आबांनी पुढं अन्न कमी केलं, मग माझ्या हातूनही ते जाईना. डॉक्टर म्हणाले, वय झालंय. शेवटच्या दिवशी मी संग्रामपूरला होते. एका मुलीला घरातून काढलं होतं, तिच्या सासरच्यांशी बोलायला गेले होते. शेजाऱ्यांचा फोन आला. मी मोताळ्याला पोचले तोवर आबांना अंगणात घेतलं होतं आणि बायका आईभोवती बसल्या होत्या. आमच्याकडं एक विचारतातच, आणि त्यातली एक म्हातारी विचारतच होती, "पानी गेलं ना तोंडात? पोटच्या लेकराच्या हातचं गेलं ना?"

"गेलं," आई म्हणाली.

बायका आपापसात सुस्कारल्या, बरं झालं म्हणाल्या. मला ते खरं वाटेना. आबा आईच्या हातचं पाणी घेत नव्हते, हे मला माहीत होतं. मी तिला आत स्वयंपाकघरात नेलं आणि विचारलं.

"नव्हते घेत," ती म्हणाली. "तोंड गच्च मिटलेलं. हात हालवून राह्यले होते, घरी जा म्हून. मंग मी म्हनलं, बाबाजी, तुमच्या पोरीनं धाडलं हाय हे पानी. मी नुसती घेऊन आलो. मंग उघडलं तोंड. पेले. दोन घोट पेले."

बाहेर बांबू आले होते. कुणीतरी दोरी मागत होतं.

"आन् म्हणे, पोरीले सांगजा, पेलो म्हना. मी म्हनलं, सांगतो जी." तिनं तांब्या पालथा घातला, परत सुलटा केला. "आता कोनाले सांगू वं?"

बाहेरून परत हाक आली, दोरी कुठं आहे म्हणून. आईनं सांगितलं, न्हाणीच्या मागं खुंटीला आहे, आणि ती द्यायला उठली.